आई-मुलाचं नाणं

१

अरबाब मीरअफजल खान मेले ते त्यांच्या नाण्यांच्या खोलीत. डोकं लोखंडी तिजोरीच्या कोपऱ्यावर आपटलेलं, गालिचा रक्तानं भिजलेला, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला रहिमदाद. अफगाणिस्तानातल्या लोगरहून आलेला, निर्वासितांच्या छावणीत राहणारा, टेकाडं उकरून नाणी काढणारा रहिमदाद. त्याची चादर रक्तानं माखली होती. दुपारच्या नमाजाहून परतणाऱ्या लोकांनी त्याला तसाच धरला, बडव बडव बडवला आणि हुजऱ्यामागच्या, म्हणजे पुरुषांच्या बैठकीमागच्या, भुशाच्या खोलीत कोंडला.

मला खबर कळली पेशावरात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना. तसाच कुलूप लावून चारसद्द्याच्या गाडीत बसलो.

मी नजीबुल्ला, तिथल्या अंदरशहर बाजारातला सराफ. धंदा जुन्या नाण्यांचा. लोक मला हाजी म्हणतात. हज केलेली नाही. ऊठसूट शपथा खातो म्हणून बाजारानं चेष्टेनं ठेवलेलं नाव आहे ते. मी खानजींना फसवायला बघायचो, ते मला पकडायचे, मग आम्ही एकाच ताटात जेवायचो. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. गाडीत मी अक्षरशः हुंदके देऊन रडलो, शेजारचा कोंबडीवाला घाबरून सरकून बसला.

गावात पोचलो तर दारातच जानस उभा. खानजींच्या विधवा बहिणीचा एकुलता एक मुलगा. खानजींना मूलबाळ नाही, यालाच त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला. खांद्यावर बंदूक, छातीवर काडतुसांचा पट्टा, डोळे तांबारलेले.

"आलास हाजी? बरं झालं. मामांचा जनाजा जुहरच्या, दुपारच्या नमाजानंतर. मग त्या लोगऱ्याला गावाबाहेरच्या ढेरीवर नेऊन गोळी घालतो."

"आधी पंचांची जिर्गा बसायची आहे ना?"

"बसेल की. नावाला. संशय कसला त्यात, रक्तासकट सापडलाय तो. भाव ठरेना म्हणून मामांना ढकललं हरामखोरानं. रक्त माझं आहे, मागणार मी."

ओसरीवरच्या पांढऱ्या दाढ्यांनी माना हलवल्या. त्यात नवल काही नव्हतं. खुनाचा बदला मागणं आमच्याकडे जवळच्या वारसाचा हक्क असतो. पण भुशाच्या खोलीतून कण्हल्याचा आवाज आला. नमाज झाली की या माणसाचं संपलं.

तेवढ्यात घरची म्हातारी मोलकरीण माझ्याजवळून गेली. थांबली नाही, वर बघितलं नाही.

"बीबीनं बोलावलंय," ती पुटपुटली. "आत्ता. आणि जानसला कळता कामा नये."

२

झरमीना बीबींना मी कित्येक वर्षं ओळखतो आणि त्यांचा चेहरा एकदाही पाहिलेला नाही. नाण्यांची खोली आणि जनानखाना यांच्यामध्ये एक जाड पडदा आहे. खानजी इकडे नाणी मांडायचे, बीबी तिकडे शिवण घेऊन बसायच्या, आणि भावंडांची पडद्याआडून जुंपायची. "नाण्यावरच्या युथिडेमस राजाचं नाक म्हातारपणी असं होतं का?" "असंच होतं, तुझं बघ." हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. आज पडद्यामागून आवाज आला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"नजीब, रडायचं नंतर. माझे डोळे हो. काय काय दिसतं ते सांग."

"रक्त आहे बीबी. तिजोरीला लागलंय. बाकी सगळं जागच्या जागी."

"कहव्याचे पेले?"

मी इकडेतिकडे बघितलं. "नाहीत. चहाची किटलीही नाही."

"हं. आणि टेबलावर?"

"तबक आहे. राजांचं."

ते तबक मी डोळे मिटून ओळखेन. लाल मखमल, त्यात एका ओळीत सात खळगे, सात राजे. सिकंदर परत गेला, पण त्याच्या मागे राहिलेल्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, बल्खला राज्य थाटलं, मग डोंगर उतरून आमच्याकडे आले, आणि इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून नाण्याच्या एका बाजूला त्यांची लिपी, दुसऱ्या बाजूला आपली जुनी खरोष्ठी लिहायला लागले. खानजींचं तबक म्हणजे ती सगळी कहाणी. मी उजवीकडून वाचत गेलो. "पहिला डायोडोटस. मग युथिडेमस. मग डेमेट्रियस, हत्तीच्या मुंडक्याची टोपी घातलेला. युक्रेटायडीस, शिरस्त्राणवाला. मिनँडर. मग आपलं आई-मुलाचं. शेवटी हर्मायस. सगळे आहेत, बीबी. एकही गेलेलं नाही."

आई-मुलाचं म्हणजे राणी आगाथोक्लिया आणि तिचा लहानगा स्ट्रॅटो. नवरा गेला, पोर अजाण, म्हणून राज्य तिनं हाकलं. नाण्यावर दोघांचे चेहरे एकावर एक. चांदीचं, नखाएवढं, पण त्यासाठी परदेशातले लोक जमीनजुमला विकायला तयार होतील. खानजी त्याला 'झरमीनाचं नाणं' म्हणायचे.

"ते उचल," बीबी म्हणाल्या. "वाजव."

मी ते संगमरवरी पाटीवर टाकलं. जुनी चांदी कशी खणकन बोलते. हे बोललंच नाही. चामड्याचा तुकडा पडावा तसं पडलं. मी कडेला नख लावलं. साच्याचा सांधा घासून काढलेला, तरी बोटाला लागत होता.

"बीबी, हे खोटं आहे. ओतलेलं. आणि काम आमच्याच अंदरशहरचं आहे."

"तू दिलंस?"

"कुराणाशप्पथ नाही!"

"तुझ्या शपथा राहू दे. काल कुठे होतास?"

"सत्तार सराफाच्या मुलीच्या लग्नात. सगळ्या बाजारानं मला तीनदा पुलाव घेताना पाहिलंय."

"ते खरं असेल. नजीब, तबकातला पहिला राजा कुठल्या हाताला आहे म्हणालास?"

"उजव्या."

पडद्यामागे जपमाळेचे मणी वाजत होते ते एकदम थांबले. मी वाट बघत राहिलो.

"खोटं नाणं तिथंच ठेव," शेवटी त्या म्हणाल्या, "बाकीची सहा रुमालात घे. आधी लोगऱ्याकडे जा, मग हुजऱ्यात उतरलेल्या त्या परदेशी पाहुण्याकडे. दोघांपुढे नाणी ओत आणि सांग, राजांच्या क्रमानं लाव."

"कशासाठी?"

"मी सांगते म्हणून. जा. जुहरची बांग व्हायला फार वेळ नाही."

३

रहिमदादचा एक डोळा सुजून बंद झाला होता. मला बघून तो फुटक्या ओठांनी हसला.

"हाजी, आजवर तू मला प्रत्येक नाण्यात गंडवलंस. आज एकदा खरं बोल. मला मारणार का?"

"काय झालं ते सांग आधी."

"काय सांगू? तांब्याची चार चौकोनी नाणी मिळाली होती, घेऊन आलो. हाक मारली, ओ नाही. आत गेलो तर खानजी पडलेले. मी डोकं उचललं. त्यांनी डोळे उघडले हाजी, खुदाची शपथ, उघडले. मला म्हणाले, 'कहवा घेतलास का?' मरणाऱ्या माणसानं मला कहवा विचारला. या घरात कधी कहव्याशिवाय भाव झाला नाही, तू तर जाणतोसच. मग ते गेले."

"तबक बघितलंस?"

"टेबलावर होतं, भरलेलं. मला त्याचं काय? मला तीन मुली आहेत हाजी. छावणीतला तंबू माझ्या नावावर आहे. मी गेलो तर त्यांना बाहेर काढतील."

पहारेकऱ्याला नस्वारीची, ओठाखाली धरायच्या तंबाखूची, पुडी दिली तेव्हा त्यानं दोर सैल केला. मी नाणी ओतली. रहिमदादनं एकदा नाण्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मरताना परीक्षा घेतोस?"

"लाव म्हणतो ना!"

त्यानं लावली. सगळ्यात मोठं नाणं आधी, मग त्याहून लहान, मग लहान. डेमेट्रियस सुरुवातीला, डायोडोटस मध्येच कुठेतरी, मिनँडर शेवटी. "मोठा राजा, मोठं नाणं," तो म्हणाला. "बरोबर?"

"शंभर टक्के," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वाचता न येणारा माणूस, नाण्यांच्या वजनाशिवाय त्याला काही ठाऊक नव्हतं.

४

क्लाउस साहेब हुजऱ्यातल्या पाहुण्यांच्या खोलीत बॅग भरत होते. ऑस्ट्रियाचे. दरवर्षी यायचे, युरोपातल्या शौकिनांसाठी नाणी न्यायचे. आमची भाषा इतकी नीट बोलायचे की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा.

"हाजी साहेब, फार वाईट झालं. मी आज संध्याकाळी निघतो."

"काल दुपारी कुठे होता आपण?"

"इथे. झोपलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाकडे कोण बघत बसतो? तुम्ही माझ्यावर संशय घेताय का?"

"तोबा तोबा! पाहुण्यावर?" मी कानाला हात लावले आणि त्याच हातानं रुमाल उघडला. "जरा हे राजांच्या क्रमानं लावून द्या. माझा गोंधळ होतो."

"तुमचा? गोंधळ?" पण नाणी बघून त्यांना राहवेना. बोटं चालली. डायोडोटस अगदी डावीकडे, मग पुढे पुढे, उजव्या टोकाला हर्मायस. एकही चूक नाही. मिनँडरनंतर मात्र त्यांनी एक जागा मोकळी सोडली. मोकळीच राहिली ती, आणि साहेबांचा चेहरा पडला.

मी ती संधी सोडली नाही. "इथे कोण बसतं, साहेब?"

"तुम्हाला माहीत आहे कोण."

"आणि तुम्हाला ती माय-लेकरं कोण आणून देणार आहे?"

साहेब खाटेवर बसले. "मी नाव सांगणार नाही. शब्द दिलाय. मला वाटलं खानजींची संमती आहे. मीच तसं मानून घेतलं म्हणा."

"कधी देणार होता तो?"

"आज. सकाळी येऊन सांगून गेला, संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून."

मी उठून उभा राहिलो. सकाळी! रहिमदाद तर कालपासून भुशात बांधलेला. म्हणजे खरं नाणं घेऊन फिरणारा माणूस मोकळा होता, गावात होता, आणि आज सकाळी आपल्या पायांनी या खोलीत येऊन गेला होता.

बाहेर जनाज्याची खाटली उचलायला माणसं जमू लागली होती.

५

"बीबी, लोगऱ्यानं नाही केलं!" मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या अल्लाचे आभार मानतील.

"नाही केलं, ते मला कालच कळलं," पडद्यामागून आवाज आला. "पाहुणा आला की कहवा माझ्या चुलीवरून जातो. काल दुपारी कुणी मागवलाच नाही. माझा भाऊ छावणीतल्या माणसालाही कहव्याशिवाय समोर बसवत नव्हता. मग आत होता तो कोण? ज्याला कहवा विचारावा लागत नाही तो."

मला ते कळलं आणि कळू नये असं वाटलं.

"बीबी, पेले कुणी उचलले असतील..."

"कपाटातलं दुसरं तबक काढ. कुठलंही."

मी काढलं. मग तिसरं. मग सगळीच. प्रत्येक तबकात जुना राजा डाव्या हाताला, नवा उजव्या. खानजी नाणी शिकले ती इंग्रजी पुस्तकांतून. ओळ डावीकडून चालायची. टेबलावरचं एकच तबक उजवीकडून सुरू होत होतं. आणि मी सराफ म्हणवणारा, सकाळी ते उजवीकडून घडाघडा वाचून मोकळा झालो! लहानपणापासून उजवीकडून डावीकडे उर्दू-फारसी वाचणाऱ्या डोळ्यांना ते उलटं वाटलंच नाही.

"तबक सांडलं होतं," बीबी म्हणाल्या. "झटापटीत. गालिच्यावर नाणी दिसली असती तर कुणी तरी मोजली असती, वाजवली असती. म्हणून कुणी तरी ती गोळा करून परत लावली. घाईत, आपल्या हाताच्या सवयीनं. लोगऱ्याला राजांचा क्रम येत नाही. साहेब डावीकडून लावतो. क्रमही तोंडपाठ आणि हातही उजवीकडून चालतो, असे या गावात किती जण आहेत, नजीब?"

"मी आहे," मी घाईघाईनं म्हणालो. खरंच सांगतो, त्या क्षणी गुन्हा माझ्यावर आला असता तरी चाललं असतं.

"तू पुलाव खात होतास." त्यांचा आवाज चिरकला. "माझा भाऊ तबकाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण नावं पाठ करून घ्यायचा. मांडीवर बसवून. डायोडोटस, युथिडेमस... चुकला की गालगुच्चा घ्यायचा. मी इथेच बसून ऐकायचे." मग त्या गप्प झाल्या. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज कोरडा होता. "जानसला बोलाव. तो आत आला की तबक पाड. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. कदाचित मी चुकत असेन."

मी सहा नाणी परत बसवली. जानस आला, दारातूनच खेकसला, "हाजी, खाटली उचलतायत आणि तू इथे काय नाणी चाटतोयस?"

मला पाडायचं नाटक करावंच लागलं नाही. त्या खेकसण्यानं दचकलो आणि तबक आपोआप हातातून सुटलं. नाणी गालिच्याभर झाली.

"या अल्ला! बावळट कुठला!" जानस गुडघ्यावर बसला. "हो बाजूला. बाहेर मुल्ला खोळंबलाय."

तो भराभर लावू लागला. उजव्या कोपऱ्यात डायोडोटस. त्याला लागून युथिडेमस. हत्तीची टोपी. शिरस्त्राण. मिनँडर. आई-मुलाचं नाणं मात्र त्यानं हातात घेऊन बघितलंही नाही; पालथं होतं तसंच खळग्यात दाबलं. हर्मायस डावीकडे शेवटी. मग तो उठू लागला आणि थबकला. पडद्याखाली त्याच्या आईचे पाय दिसत होते, अगदी जवळ, आणि पडदा एका बोटाएवढा उघडा होता.

"अदे?" तो म्हणाला. आमच्यात आईला अदे म्हणतात.

पडदा मिटला. बाहेर जुहरची बांग सुरू झाली.

६

खानजींना मूठमाती देऊन आम्ही हुजऱ्यात परतलो. जिर्गा गोल बसली. रहिमदादला मध्ये आणून बसवलं. दाढीवाल्यांत सगळ्यात वडील होते मलिक तोरबाझ. त्यांनी घसा खाकरला.

"मयताचा वारस कोण?"

"मी," जानस म्हणाला. त्यानं बंदूक खांद्यावरून काढली. माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला माझ्या बायकोमुलांची आठवण झाली. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडेना.

"वारस मी आहे."

बाईचा आवाज! हुजऱ्यात! सगळ्या माना एकदम खाली गेल्या. दारात झरमीना बीबी उभ्या होत्या, काळी चादर, चेहरा उघडा. मीही मान खाली घालायला हवी होती, नाही घातली. खानजींचंच नाक, खानजींचेच डोळे.

"मी सख्खी बहीण. माझ्या आधी कुणी नाही. मलिकसाहेब, या माणसाचे दोर सोडा. यानं माझ्या भावाला शेवटचं मांडीवर घेतलं, एवढाच याचा गुन्हा." त्या मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "जानस, काढ ते नाणं."

"अदे, काय बोलतेस तू? डोकं फिरलंय का?"

"सगळ्यांसमोर तुझे कपडे उतरवायला लावू नकोस मला. काढ."

तो बघत राहिला. मग त्याचा हात पट्ट्याकडे गेला, एका रिकाम्या काडतुसाचं बूच निघालं आणि आई-मुलाचं नाणं तळहातावर आलं.

"मी मारलं नाही मामांना," जानस बोलू लागला आणि मग त्याला थांबता येईना. "खोटं नाणं तिथे ठेवत होतो, तेवढ्यात ते आले. तबक ओढायला लागले. मी नुसतं ढकललं! माझ्या वाट्याची जमीन विकून विकून त्यांनी ही मेलेल्या राजांची तोंडं जमवली, मला काय ठेवलं? एक नाणं मागितलं असतं तर दिलं असतं का त्यांनी? तूच सांग!"

"नसतं दिलं," बीबी म्हणाल्या. "ते खरं आहे."

मलिकसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. "बहिणी, रक्त तुझं आणि रक्त मागायचं तेही तुझ्याच पोराकडे. तू माफ कर. इथे कुणी तुला नाव ठेवणार नाही."

सगळे हेच धरून चालले होते. मीसुद्धा. कुठली आई दुसरं काही करेल?

"एक विचारते, जानस. खरं सांग. मी आज गप्प बसले असते, तर याला गोळी घातली असतीस?"

जानसनं रहिमदादकडे बघितलं. तो बिचारा सुटलेले हात चोळत बसला होता, आपल्याविषयी बोलतायत हेही त्याला धड कळत नव्हतं.

"घालावीच लागली असती, अदे," जानस हळू म्हणाला.

बीबींनी मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिल्या.

"माझ्या भावाचं रक्त मी माफ केलं," त्या म्हणाल्या. "तो रागाचा एक धक्का होता. माझा भाऊ असता तर त्यानंही माफ केलं असतं. पण रात्रभर विचार करून, सकाळी पट्टा चढवून, या तीन पोरींच्या बापाला मारायला निघालास, ते मला माफ करता येत नाही. मलिकसाहेब, ठाण्यावर माणूस पाठवा."

एकच गलका झाला. ठाणं! खानांच्या घरातला माणूस, सरकारच्या हातात, आणि तोही आईनं दिलेला! गोळी घातली असती तरी एवढी बेअब्रू नव्हती. मलिकसाहेब उठून उभे राहिले, काहीबाही म्हणाले. बीबींनी मुलाच्या हातातली बंदूक काढून घेतली. त्यानं दिली. लहान पोरानं काठी द्यावी तशी दिली. मग दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसले, पोलिसांची गाडी येईपर्यंत. गाडी आली तेव्हा बीबींनीच त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी लावून दिली.

मी संध्याकाळी निघताना पडद्याशी गेलो. खोली धुऊन काढली होती. तबक तसंच होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता.

"बीबी, निघतो. काही लागलं तर..."

"नजीब." आवाज एवढा बारीक की कान पडद्याला लावावा लागला. "तुला एकदा पकडून नेलं होतं ना, त्या पुतळ्याच्या भानगडीत? ठाण्यात जेवायला काय देतात रे?"

मला त्या पाण्यातल्या डाळीची आणि कच्च्या रोटीची आठवण झाली.

"चांगलं देतात, बीबी," मी म्हणालो. "गरम असतं."